आतल्या खोलीतला टीव्ही

मामा म्हणजे माझे सासरे. त्यांच्या अंगावरून वारं गेलं ते सोयाबीनच्या काढणीच्या दिवसांत. सकाळी चहाची बशी हातातून निसटली, ती उचलायला ते वाकले आणि तसेच भिंतीला टेकून खाली बसले. लातूरच्या दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा उजवा हात, उजवा पाय आणि तोंडाची उजवी बाजू गेलेली होती. बोलणं पुरतं गेलं नव्हतं, पण शब्द सापडायचे नाहीत. एका शब्दासाठी ते एवढा जोर लावायचे की ऐकणाऱ्यालाच दम लागायचा.

त्यांचा सगळा जन्म बोलण्यात गेला होता. ते एसटीत कंडक्टर होते. कळंबहून खेड्यापाड्यांकडं सुटणाऱ्या गाड्यांवर त्यांची नोकरी झाली. ईट, भूम, येरमाळा, कधी धाराशिवहून पुढं बेंबळी. माणसांची नावं त्यांना फारशी ठाऊक नसत. ते माणूस ओळखायचे थांब्यावरून आणि सामानावरून. ईटची पोतंवाली. बेंबळीचा शेवटचा शीट, म्हणजे सगळ्यात शेवटी उतरणारा उतारू. येरमाळ्याचा तो, कोंबडी घेऊन चढणारा. निवृत्त झाल्यावरही बाजारात ते कुणाला हाक मारायचे ती गावाच्या नावानंच, आणि समोरचा माणूस हसून थांबायचा.

आमचं घर रस्त्याला लागून आहे. पुढच्या खोलीत आमचा फोटो स्टुडिओ. नवरा शूटिंग करतो आणि मी तिथंच बसून मिक्सिंग करते, म्हणजे व्हिडिओची कापाकापी आणि जोडणी. लग्नाचे व्हिडिओ, अल्बम आणि बॅनर. बॅनर दोनच प्रकारचे जास्त, वाढदिवसाचे आणि श्रद्धांजलीचे. दुकानामागं बोळ, बोळाच्या बाजूला स्वयंपाकघर, आणि सगळ्यात आत मामांची खोली. त्या खोलीत टीव्ही होता. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, त्यांच्यासाठी मालिका लावून ठेवायच्या. मामा तोंड भिंतीकडं करून पडायचे.

एका दुपारी नवऱ्यानं त्यांना चाकाच्या खुर्चीवर बसवून दुकानात आणलं, जरा हवा लागावी म्हणून. मी एका लग्नाचं काम करत होते. वऱ्हाड मांडवात शिरत होतं. मामा माझ्या मागं गप्प बसले होते. एकदम ते म्हणाले, "थांब."

मी थांबवलं. स्क्रीनवर एक म्हातारी होती, डोक्यावर पदर, हातात पिशवी.

"ईट," मामा म्हणाले. मग बऱ्याच वेळानं, "पोतं."

घरी आणल्यापासून त्यांनी आपणहून काढलेले ते पहिले शब्द. दारात उभ्या असलेल्या आत्यांनी पदर तोंडाला लावला. त्या दिवशी ते आणखी बरंच बोलले. पण खुर्चीवर त्यांना फार वेळ बसवत नव्हतं. मान कलायची, पाय सुजायचा. व्यायाम घ्यायला येणारे डॉक्टर म्हणाले, "बोलतायत ना? मग ते तोडू नका. पडल्या पडल्या दिसंल असं काहीतरी करा."

नवरा म्हणाला, "टीव्ही हायच की आत. वायर ओढली की झालं."

वायर ओढली की झालं, असं मलाही वाटलं होतं.

माझ्या कॉम्प्युटरला तीन मॉनिटर होते. दोन माझ्यासमोर, एकावर कापाकापी आणि दुसऱ्यावर चित्र. तिसरा काउंटरवर गिऱ्हाइकाकडं तोंड करून, फोटो निवडायला. स्क्रीन चालवणाऱ्या आतल्या ग्राफिक्स कार्डाला वायर लावायचे तीनच पोर्ट होते आणि तिन्ही भरलेले. आधी आम्ही एका वायरचे दोन फाटे करणारी डबी आणली. तिच्यानं टीव्हीवर चित्र आलं, पण ते काउंटरवरच्या मॉनिटरचं. मामांना दिवसभर पासपोर्ट फोटो आणि आधार कार्डं दिसायला लागली. मग गावातल्या दुरुस्तीवाल्यानं मदरबोर्डवरचा रिकामा पोर्ट चालू करून दिला. त्यानं चौथी स्क्रीन लागली, पण काम अडखळायला लागलं. नवरी हार घालायला हात उचलायची आणि तो हात हवेतच राहायचा.

मग त्यानंच कुठून तरी एक वापरलेलं कार्ड आणलं. चार पोर्ट होते, मोजून बघितले. तीन वायरी लावल्या, तिन्ही मॉनिटर लागले. टीव्हीची चौथी लावली, तर टीव्ही लागला आणि काउंटरवरचा मॉनिटर गेला. तो चालू केला, तर टीव्ही गेला. दुरुस्तीवाला डोकं खाजवत बसला. शेवटी म्हणाला, "वहिनी, ह्याला जागा चार हायत, पर एकावेळी तिघंच जगतेत."

तेव्हा मला कळलं की कार्डाला पोर्ट किती आहेत हे विचारून भागत नाही. एकावेळी किती चालतात ते विचारावं लागतं.

मी लातूरला गेले. दुकानातला पोरगेला मालक म्हणाला, "गेम कोणता खेळायचाय, ताई?"

"गेम नाही. चार स्क्रीन चालवायच्यात. तीन मॉनिटर आणि एक टीव्ही."

त्यानं रंगीत दिव्यांचं, तीन पंख्यांचं एक मोठं कार्ड काढलं. आमच्या कॅबिनेटमध्ये ते मावलं नसतं आणि त्याला वेगळी मोठी पॉवर सप्लायही लागणार होती. मी म्हटलं, "एवढी ताकद नको. मला चारही स्क्रीन एकदम चालायला हव्यात, आणि व्हिडिओ अडकायला नको. दिवे नसले तरी चालतंय."

"टीव्ही किती लांब आहे?"

मला मीटरमध्ये सांगता येईना. दुकान, मग बोळ, मग स्वयंपाकघराची भिंत, मग खोली, असं सांगितलं.

"एवढ्या लांब साधी एचडीएमआय केबल नाही चालत. चित्र मधेच जातंय येतंय. त्या टीव्हीवर बघणार कोण?"

"सासरे. झोपून असतात."

"मग त्यांना वेगळा बॉक्स लावून द्या की. पिक्चर बघतील."

"त्यांना पिक्चर नाही बघायचा. मी काय करते ते बघायचंय."

मग आत जाऊन त्यानं एक पातळ, काळं, काही नक्षी नसलेलं कार्ड आणलं. ऑफिसात लावतात तसलं. त्याला चार बारकी छिद्रं होती, चारही सारखी. प्रत्येकाला एकेक कन्व्हर्टर जोडावा लागणार होता. "चारही एकदम चालतात," तो म्हणाला. "लावून दाखवतो." आणि त्यानं दुकानातल्या चार स्क्रीन ओढून आणून खरंच लावून दाखवलं. केबलही वेगळी दिली, आतून काचेच्या तंतूची. तिचं एक टोक कॉम्प्युटरचं आणि दुसरं टीव्हीचं, उलटी लावली तर चालत नाही. आमच्या वायरमननं ती उलटीच ओढली, आणि सगळी काढून पुन्हा ओढावी लागली.

अशी ती चौथी स्क्रीन लागली. मी सेटिंग असं केलं की मिक्सिंगमध्ये चाललेलं चित्र टीव्हीवर पूर्ण दिसावं, बटणं नाहीत, रेघा नाहीत, नुसतं लग्न. मामांना रिमोट दाबता येत नव्हता, म्हणून नवऱ्यानं टीव्हीत करून ठेवलं की वीज गेली आणि परत आली की तो आपला आपण लागावा. कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर होता, टीव्ही नव्हता. वीज येऊन आत टीव्ही लागला की माझ्यासमोरचे दोन्ही मॉनिटर क्षणभर काळे व्हायचे आणि परत यायचे. चौथी स्क्रीन आली की कॉम्प्युटर सगळ्यांना पुन्हा ओळखून घेतो, म्हणून तसं होतं. मला त्याची सवय झाली.

मामा दिवसभर लग्नं बघायचे. मी काम करत असायची आणि आतून आवाज यायचा, "थांब." मी चित्र थांबवायची आणि बोळातून ओरडायची, "कोण हो मामा?"

"बेंबळी. शेवटचा... शीट."

"बरं हायत का ते?"

मग कधी उत्तर यायचं, "हाय." आणि कधी यायचं, "गेला."

सुरुवातीला मला बरं वाटायचं. माणूस बोलतोय, आठवतोय. पण लग्नाच्या व्हिडिओत किती म्हातारी माणसं असतात ते मी तोवर कधी बघितलं नव्हतं. माझं लक्ष नवरा-नवरीकडं, दागिन्यांकडं. मागं खुर्च्यांवर बसलेल्या, अक्षता मुठीत धरून उभ्या असलेल्या माणसांकडं बघायला मला मामांनी लावलं. आणि त्यांतल्या कितीतरी जणांवर आतून तो एक शब्द यायचा. सनई वाजत असायची, पोरं नाचत असायची, आणि बोळातून आवाज यायचा, "गेली." माझा हात माऊसवर तसाच राहायचा.

एकदा असाच एक म्हातारा आला, पांढरा फेटा, दोन्ही हातांनी जोडप्याला आशीर्वाद देणारा. मामा म्हणाले, "गेला." लग्न तर नुकतंच झालं होतं. आठवड्याभरानं नवरदेवाचा भाऊ व्हिडिओ न्यायला आला तेव्हा मी त्याला ते चित्र दाखवलं आणि सहज विचारल्यासारखं केलं, "हे आजोबा कोण?"

"आमचे चुलत आजोबा. पण ते वारले की, लग्नानंतर लगेच."

तो गेल्यावर मी ते चित्र पुन्हा लावून बघितलं. मामा तर खाटेवरून उठलेले नव्हते. मग मला आठवलं की बाजाराच्या दिवशी त्यांच्या गाडीवरचे जुने ड्रायव्हर येऊन बसायचे. गावोगावच्या बातम्या तेच सांगायचे. त्यांनीच सांगितलं असणार. मी तसं धरून चालले, पण ड्रायव्हरना विचारलं नाही.

आणि मामा एकदा चुकलेही. येरमाळ्याच्या एकाला त्यांनी "गेला" म्हटलं, आणि दोन-चार दिवसांनी तोच माणूस नातवाचा फोटो काढायला दुकानात येऊन उभा राहिला. मी हातातली पावती टेबलावर ठेवली आणि आत जाऊन मामांना सांगितलं, "अहो, ते येरमाळ्याचे बाहेर आलेत. चांगले ठणठणीत हायत."

मामांनी माझ्याकडं बघितलं. मग तोंड भिंतीकडं केलं.

त्या थंडीत नवऱ्याच्या मावसभावानं एक जुनी कॅसेट आणली. त्याच्या लग्नाची, कॅसेटवरून उतरवून घ्यायची होती. त्यात मामा होते. नोकरीत असतानाचे, अंगानं भरलेले, गळ्यात उपरणं, पंगतीत पुढं-मागं फिरणारे. आवाज खणखणीत. मला वाटलं, त्यांना आनंद होईल. मी चित्र तिथंच थांबवलं आणि उठून आत गेले.

आत्या खाटेच्या कडेला बसल्या होत्या. मामांची मान टीव्हीकडं वळलेली होती. टीव्हीवर ते स्वतः हात वर करून उभे होते.

"वळखलं का?" आत्यांनी विचारलं. "कोण हाय सांगा बरं."

मामांच्या तोंडाची डावी बाजू हलली. शब्द यायला फार वेळ लागला.

"कंडक्टर."

"व्हय," आत्या म्हणाल्या. "कोणता कंडक्टर?"

मामा त्या चित्राकडं बघत राहिले. मग म्हणाले, "गेला."

आत्या उठल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. आतून पातेलं घासल्याचा आवाज यायला लागला. मी तिथंच उभी होते. मामा शांत होते. रडले नाहीत, चिडले नाहीत. बाकीच्यांविषयी सांगायचे तसंच त्यांनी हेही सांगितलं होतं.

होळीच्या सुमारास ते गेले. पहाटे कधीतरी, झोपेत. मातीला एवढी माणसं आली की रस्त्यावर चपलांना जागा नव्हती. सगळी खेड्यापाड्यांची. मी त्यांतल्या कितीजणांना ओळखलं, पण मला एकाचंही नाव ठाऊक नव्हतं. त्यांना मी टीव्हीसाठी थांबवून ठेवलेलं होतं, तेवढीच ओळख.

सावडून आल्यावर नवरा म्हणाला, "दहाव्याचा बॅनर करायचाय. फोटो तूच बघ. आजारातला नको."

चांगला फोटो एकच होता, त्या कॅसेटमधला. दुपारी मी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून कॉम्प्युटर चालू केला. सकाळपासून वीज नव्हती, इन्व्हर्टरवर चाललं होतं. आतल्या खोलीतून खाट बाहेर काढली होती. त्या जागी दिवा ठेवला होता आणि पाऊल उमटतं का ते बघायला दिव्याभोवती पीठ पसरलं होतं. आत्यांपाशी नात्यातल्या बायका बसल्या होत्या. टीव्हीकडं कुणाचं लक्ष नव्हतं, माझंही नव्हतं.

मी कॅसेटचं लग्न लावलं. पंगत आली. मामा पुढं येऊन हात वर करतात ती जागा शोधत होते. तेवढ्यात माझे दोन्ही मॉनिटर काळे झाले.

परत आले तेव्हा चित्र माझ्यासमोर नव्हतं. स्पीकरचा आवाजही बंद झाला होता. मला आधी वाटलं, मशीन अडकलं. मग आतून, बोळाच्या पलीकडून, मामांचा आवाज आला. आजारातला नाही. मोठा, मोकळा, भरल्या गाडीत शेवटच्या माणसापर्यंत पोचणारा.

"सरका पुढं, सरका. पुढं जागा हाय. मागची माणसं उभी हायत."

मी पळत गेले. खोलीत एकही बाई हलत नव्हती. एकीनं भिंत धरली होती, दुसरीनं डोळ्यांवर पदर ओढला होता. टीव्हीचा निळा उजेड पिठावर पडला होता. टीव्हीत मामा पंगतीला सरकायला सांगत होते, आणि खरंच दारातल्या एक आजी नकळत हातभर पुढं सरकल्या होत्या. वीज आली होती, एवढंच झालं होतं. टीव्ही आपला आपण लागला होता, कॉम्प्युटरनं चौथी स्क्रीन ओळखली होती, आणि सेटिंगप्रमाणं चित्र तिकडं पाठवलं होतं. आवाजही त्याच्यासोबत गेला होता. हे सगळं मला त्याच क्षणी कळलं होतं. तरी मी दाराची चौकट धरून उभी होते.

मी बटणाकडं हात नेला.

"बंद करू नगंस," आत्या म्हणाल्या. त्यांचा आवाज साधा होता. "म्हणू दे त्यांना."

मी हात मागं घेतला. मामा आणखी थोडं बोलले, कुणाला तरी वरण वाढायला सांगितलं, मग कॅमेरा वळला आणि नवरी आली. बायकांनी हळूहळू श्वास सोडला. बॅनरवर मी तोच फोटो लावला. हात वर केलेला. नवऱ्यानं विचारलं, "हात कापून घ्यायचा का?" मी म्हटलं, "राहू दे."

तेरावा झाला, पाहुणे गेले, खाट परत आत आली. टीव्ही तिथंच राहिला आणि केबलही. उन्हाळ्यात दुपारची वीज रोज जायची. मी काम करत असायची आणि मॉनिटर काळे होऊन परत यायचे. आत टीव्ही लागलाय हे मला कळायचं. पहिल्या पहिल्यांदा मी उठून जायची. आत्या खाटेच्या कडेला, त्यांच्या नेहमीच्या जागी बसलेल्या असायच्या. उशीकडची बाजू मोकळी ठेवून.

"तुम्ही लावला का, आत्या?"

"न्हाय. आपलाच लागला."

मी त्यांना समजावून सांगितलं. वीज आली की तो लागतो, ह्यांनी तसं करून ठेवलंय, मामांना रिमोट जमत नव्हता म्हणून.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "तुझं बरोबर असंल," म्हणाल्या आणि पुन्हा टीव्हीकडं बघायला लागल्या.

कॉम्प्युटरही त्या स्क्रीनला विसरेना. एखादी फाइल उघडली की माझ्यासमोर काहीच यायचं नाही. गिऱ्हाईक काउंटरला टेकून उभं असायचं, मी शोधत असायची, आणि ती फाइल तिकडं आत जाऊन उघडलेली असायची. माऊस उजव्या कडेला नेला की बाण कडेतून पलीकडं निघून जायचा. तो त्या खोलीत कुठंतरी फिरत असणार हे मला ठाऊक असायचं. मी अंदाजानं त्याला ओढून परत आणायची.

एका दुपारी मोहा गावची एक बाई नवऱ्याचा फोटो घेऊन आली. श्रद्धांजलीचा बॅनर. मी फोटो स्कॅन केला, उघडला, आणि तो नेहमीसारखा नाहीसा झाला. बाईला बसवून मी आत गेले. टीव्हीभर त्या माणसाचा चेहरा होता. मिशा, कपाळाला गंध, शर्टाचं वरचं बटण लावलेलं. आत्या त्याच्यासमोर बसल्या होत्या, मामांपाशी बसायच्या तशाच, हात मांडीवर ठेवून.

"कोण हायत हे?" त्यांनी विचारलं.

"मोह्याचे. बाहेर त्यांच्या मंडळी आल्यात."

"कवा गेले?"

"परवा."

"जेवली का ती बाई?" आत्यांनी विचारलं. मला ठाऊक नव्हतं. त्या उठल्या, भाकरी-भाजीचं ताट केलं आणि बाहेर नेऊन दिलं. मग परत येऊन त्या परक्या माणसासमोर बसल्या. मी फाइल माझ्या स्क्रीनवर ओढून घेतली तेव्हा त्या नुसत्या "बरं" म्हणाल्या.

त्या दिवसानंतर मला दुपारी दुकानात एकटीनं बसायला नको वाटायला लागलं. मॉनिटर काळे झाले की मी उठून रस्त्यावर जाऊन उभी राहायची. कारण माहीत असून जायची.

मे महिन्यात ते काळं कार्ड गेलं. स्क्रीनवर आधी हिरव्या रेघा आल्या, मग चेहरे चौकोनाचौकोनांत फुटायला लागले, मग सगळंच बंद. लग्नसराई होती, थांबायला वेळ नव्हता. नवरा म्हणाला, "आता तीनचंच घे. तीनवाली कुठंबी मिळतेत. चौथी लावून कुणाला दाखवायचंय?"

ते खरं होतं. मीही मनातून तेच म्हणत होते. या वेळी लातूरला फोनवरच सांगितलं. त्या पोरगेल्या मालकानं विचारलं, "चारवालंच पाठवू ना, ताई?"

"नको. तीनच पोर्टचं पाठवा."

"टीव्ही काढला का?"

"सासरे गेले," मी म्हटलं.

कार्ड दुसऱ्या दिवशी एसटीनं आलं. चांगलं होतं, आधीच्यापेक्षा जलद. सेटिंगमध्ये आता तीनच चौकोन दिसत होते. माऊस उजव्या कडेला जाऊन थांबत होता. मॉनिटर दिवसभरात एकदाही काळे झाले नाहीत. मला खूप हलकं वाटलं. त्या दुपारी मी दोन लग्नं उरकली.

तिसऱ्या प्रहरी चहा द्यायला आत गेले, तर टीव्ही चालू होता. काळ्या पडद्यावर एक बारकी निळी चौकट इकडून तिकडं तरंगत होती. तिच्यात लिहिलं होतं, सिग्नल नाही. आत्या त्या चौकटीकडं बघत होत्या. ती जिकडं जाईल तिकडं त्यांची नजर जात होती.

"आज काम न्हाय का तुला?" त्यांनी विचारलं.

"हाय की, आत्या. पण इथं दिसणार नाही आता. नवीन कार्डाला तीनच जागा हायत."

आत्यांनी चहाचा कप घेतला. एक घोट घेऊन खाली ठेवला.

"आन् ह्येची जागा?"

मी टीव्हीकडं बघितलं. रिमोट उचलून मी टीव्ही बंद केला. त्यांनी अडवलं नाही.

पुढं काही दिवस गेले. मग एका दुपारी आपणहून दुकानात आल्या आणि गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसल्या. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हापासून त्या दुकानात कधी बसल्या नव्हत्या. म्हणाल्या, "लाव. हितूनच बघते."

मी बेंबळीकडचं एक लग्न लावलं. त्या बारीक डोळे करून बघत होत्या. एक म्हातारा आला तसं त्यांनी विचारलं, "हे कोण?"

"ठाऊक नाही, आत्या."

"आन् ती?"

"तीही नाही."

आणखी पाच-सहा चेहरे त्यांनी विचारले. प्रत्येक वेळी मी चित्र थांबवलं आणि प्रत्येक वेळी नाही म्हटलं. शेवटी त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "मला ठावं न्हाय, तुला ठावं न्हाय," म्हणाल्या. "मान्सं नुसती येत्यात आन् जात्यात." आणि आत गेल्या.

त्यानंतर त्या आल्या नाहीत. टीव्ही आम्ही पुढं आणून काउंटरवर लावला, जुना बारका मॉनिटर काढून. गिऱ्हाइकांना फोटो मोठे दिसतात. नवऱ्यानं केबल ओढून काढली आणि तिच्यासाठी भिंतीत पाडलेलं भोक बुजवायला सिमेंट कालवलं. आत्या आतून म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे ते. बुजवू नगंस."

"उंदीर येतील, आई."

"येऊ दे. आवाज येतो त्यातनं."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. ते सिमेंट त्यानं न्हाणीघराच्या पायरीला लावून टाकलं.

आता दुपारी आत्या त्या खोलीत पडून असतात. मी पूर्वी कानाला हेडफोन लावून काम करायची, आता लावत नाही. स्पीकरवरच सनई वाजते, मंगलाष्टकं होतात, पंगती बसतात, आणि ते सगळं त्या भोकातून आत जातं. आतलंही बाहेर येतं. बांगडी वाजलेली ऐकू येते, कूस बदललेली कळते. कधी कधी त्या हळू आवाजात काहीतरी बोलत असतात. शब्द कळत नाहीत. एक वाक्य बोलतात, मग थांबतात, समोरच्याला बोलायला वेळ द्यावा तेवढं थांबतात, आणि मग पुढचं बोलतात. अशा वेळी मी स्पीकरचा आवाज थोडा कमी करते. उठून बघायला जात नाही.